गोळी घेतली की वेढे चुकतात

मी भालकीत मोटारी बांधतो. उसाच्या शेतातली पंपाची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्या दुकानात आणून टाकतो. मी आतली करपलेली तार काढतो, नवी तांब्याची तार भरतो आणि मोटार परत पाणी ओढू लागते. एकतीस वर्षं हेच चाललंय.

मी डॉक्टर नाही आणि लिहिणाराही नाही. बिदरच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "ह्या गोळीनं डोकं जड व्हतंय का, का मलाच तसं वाटायलंय?" मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांचा नंबर लागला आणि ते आत गेले. त्यांना द्यायचं उत्तर जरा लांबलं. ते इथे देतो.

नागीण

दोन वर्षांपूर्वी, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा, मला नागीण झाली. पाठीच्या कण्यापासून डाव्या काखेखालून छातीपर्यंत फोडांचा पट्टा. आमच्याकडे नागीण म्हटलं की आधी गेरू, मग डॉक्टर. गल्लीतल्या एका आजीबाईंनी गेरूची रेघ ओढली आणि बजावलं, "शेपूट अन् तोंड एक झालं तर खरं न्हाई." माझी बायको शिवलीला रोज सकाळी माझी पाठ बघून शेपूट कुठपर्यंत आलंय ते सांगायची. पाच दिवस असेच गेले. लवकर दवाखान्यात गेलो असतो तर पुढचं कदाचित कमी झालं असतं, असं डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या. कदाचित म्हणाल्या, म्हणून मीही कदाचितच लिहितो.

फोड सुकले, खपल्या पडल्या आणि कातडी वरून चांगली झाली. दुखणं मात्र गेलं नाही. बनियन लागला तरी आग व्हायची. पंख्याचा वारा नको वाटायचा. जोरात दाबलं तर काही नाही, नुसता कपडा घासला की जीव जायचा. हे दुसऱ्याला पटवणं फार अवघड. पाहुणे यायचे, छातीकडे बघायचे, काही दिसत नाही म्हणून समाधानाने चहा प्यायचे.

तीन महिन्यांनी बिदरला गेलो. डॉक्टरबाई कन्नड बोलणाऱ्या, शांत. माझा धंदा विचारला आणि हसल्या. "मग तुम्हाला सोपं जाईल," म्हणाल्या. "तारेवरचा लेप जळालाय. तार तुटलेली नाही, करंट चालू आहे, म्हणून नको तिथे स्पार्क होतोय." मला ते खरोखरच सोपं गेलं. माझा पुढचा प्रश्न होता, की मग नवी तार कधी भरायची. तशी सोय नाही, म्हणाल्या. लेप हळूहळू भरेल किंवा भरणार नाही, तोपर्यंत करंट कमी ठेवायचा, आणि त्यासाठी ही गोळी.

गोळी म्हणजे कॅप्सूल. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवून.

करडगी

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही बसवण्णांना मानणारे. मूल लहान असतानाच त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते चांदीच्या छोट्या डबीत असतं, तिला करडगी म्हणतात, आणि ती दोऱ्याने छातीवर लोंबते. रोज अंघोळ झाली की लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, परत करडगीत ठेवायचं. पूजा झाल्याशिवाय अन्न नाही. आणि एरवी ते अंगावरून उतरवायचं नाही. माझं लिंग माझ्या अंगावर छप्पन्न वर्षं होतं. लग्नातही, तापातही. हर्नियाच्या ऑपरेशनलासुद्धा डॉक्टरांच्या हातापाया पडून मनगटाला बांधून घेतलं होतं.

नागीण नेमकी करडगीच्या खालीच उमटली होती.

पहिले तीन महिने मी दुपारी दुकानात गुपचूप करडगी उतरवायचो. तासाभराने परत घालायचो. शिवलीलाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तिने रागावण्यापेक्षा काही वेगळं केलं नसतं, आणि तिचं रागावणं मला ओळखीचं आहे.

बरं वाटण्याचे दिवस

गोळी लागू पडली. दहा दिवसांत दुखणं अर्ध्यावर आलं, डोस वाढवला तसं आणखी उतरलं. डॉक्टरबाईंनी दुखणं आकड्यात सांगायला शिकवलं होतं. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आठवरून मी दोनवर आलो. शिवलीला रोज जेवायला वाढताना विचारायची, "आज किती?" मी म्हणायचो, "दोन." तिच्या चेहऱ्यावरचा ताण मला उतरताना दिसायचा. आधीच्या तीन महिन्यांत मी तिच्यावर फार खेकसलो होतो. भाकरी वाढताना तिचा पदर माझ्या दंडाला लागला म्हणून मी ताट ढकललं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते घडलं.

गोळीने मी गरीब गाय झालो. कुणी काही म्हटलं तर "बरं" म्हणायचो. मुलगी अश्विनी उदगीरला दिली आहे, ती फोनवर म्हणाली, "अप्पा, तुमी आता लई गोड बोलायलाव." मला ते कौतुक वाटलं.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. पकड हातात घेऊन पकड शोधणं, हे तर सगळेच करतात. पण मी "पकड" हा शब्दच शोधत बसायचो. तो जिभेच्या टोकावर नसायचा, कुठेच नसायचा. नातीचं नाव एकदा पूर्ण दोन मिनिटं आठवलं नाही. ती समोर बसून केळं खात होती.

अठ्ठावन्न

मोटार बांधताना तारेचे वेढे मोजावे लागतात. समजा एका गुंडीला, म्हणजे तारेच्या एका वेटोळ्याला, अठ्ठावन्न वेढे, तर सगळ्या गुंड्यांना अठ्ठावन्नच. कुठे कमी-जास्त झाले तर मोटार चालते, पण तापते, आणि एक दिवस जळते. माझ्या यंत्राला मोजणारा काटा आहे, तो कितीतरी वर्षांपूर्वी अडकला आणि मी दुरुस्त केला नाही, कारण मला गरज नव्हती. मी तोंडाने मोजतो. माझे उस्ताद हैदराबादहून शिकून आलेले होते, त्यामुळे वेढे मी त्यांच्यासारखे दखनीत मोजतो, पूजा कन्नडमध्ये करतो आणि भांडतो मराठीत. मोजता मोजता गिऱ्हाइकाशी बोललो तरी माझा आकडा कधी सुटला नव्हता. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

दुकानात माझ्याबरोबर मैनोद्दीन काम करतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान, बावीस वर्षांची सोबत. तो प्रत्येक मोटारीचा हिशेब वहीत लिहितो, तारेची जाडी किती, वेढे किती. मी त्यावरून त्याची थट्टा करायचो.

हुलसूरकडचे एक शेतकरी आठ दिवसांपूर्वी नेलेली मोटार परत घेऊन आले. उघडली तर आत काळी. ते भांडायला आलेच नव्हते. मोटारीकडे बघत होते आणि माझ्याकडे बघत होते. "अण्णा," ते म्हणाले, "तुमी बांधलेली मोटार कामून जळाली?"

मैनोद्दीनने वेढे मोजले. एका ठिकाणी अठ्ठावन्नच्या जागी एक्कावन्न निघाले. त्याने आकडा मोठ्याने सांगितला नाही. नुसती वही माझ्यापुढे सरकवली. मी मोटार फुकट बांधून दिली, आणि ती बांधताना तीन वेळा आकडा सुटला. शेवटी उरलेली मोटार त्यानेच पूर्ण केली.

घरी येऊन शिवलीलाला म्हटलं, की गोळी कमी करून बघावी म्हणतो. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"डोकं थोडं कमी चाललं तर चालतंय," ती म्हणाली. "मी हाय की ध्यानात ठेवायला. पण दुखायलं की तुमचं तोंड बघवत न्हाई मला."

"अगं, पण दुकान?"

"दुकान मैनोद्दीनभाई बघतील. त्ये तीन महिने परत नको. मला नको."

ती "मला" म्हणाली. मी बरं म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

सोमवार

गोळीचा जोर दुपारी ओसरायचा. पूर्वीच्या सवयीने मी कधीकधी तेव्हा करडगी उतरवायचो. एका सोमवारी संध्याकाळी घरी येऊन शर्ट काढला तर छाती रिकामी.

शिवलीलाने बघितलं. ती ओरडली नाही. "कुठं हाय?" एवढंच.

मला माहीत नव्हतं. सांगायला कुठलीही आठवण नव्हती. ती दुपारच डोक्यात नव्हती, पुसलेल्या पाटीसारखी. आमच्यातले जुने लोक लिंग हरवलं तर जीव ठेवायचे नाहीत असं लहानपणी ऐकलं होतं. आता कुणी तसं करत नाही, पण छातीवरून हात फिरवताना ते ऐकलेलं आठवलं.

मी तसाच दुकानात गेलो. मैनोद्दीन शटर ओढत होता. दोघांनी खोकी हलवली, टेबलाखाली बघितलं, कचरा चाळला. मिळालं नाही. मग मी त्याला विचारलं, "तू तर न्हाई ना ठिवलास कुठं?" शब्द साधे होते. सूर साधा नव्हता, आणि चांदीची डबी आहे हे दोघांनाही माहीत होतं. बावीस वर्षांत असा सूर मी त्याच्याशी कधी लावला नव्हता.

त्याने आपली डब्याची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, रुमाल. सगळं एकेक करून परत भरलं. "देख लिये ना अण्णा?" म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

उपास

लिंग नाही म्हणून पूजा नाही. पूजा नाही म्हणून जेवण नाही. आणि गोळी जेवल्यावर घ्यायची, म्हणून गोळीही नाही. हे मी ठरवून केलं नाही, ते आपोआप तसं जुळलं. नुसत्या पाण्यावर राहिलो.

शिवलीला म्हणाली, मठात जाऊ, स्वामींना सांगू, ते दुसरं देतील. तसा रिवाज आहे आणि त्यात कमीपणा नाही. मी नाही म्हटलं. नवं लिंग घेतलं तर माझं डोकं गेलं हे मी स्वतःच कबूल केलं, असं मला वाटत होतं. मग तिनेही माझ्याबरोबर खाणं सोडलं. मी रागावलो तर म्हणाली, "तुमी गिळत न्हाई तवर माझ्या घशाखाली उतरत न्हाई. आता बोलू नका."

मंगळवार वाईट गेला. घाम, हात थरथर, झोपेचं नाव नाही, आणि छातीची आग परत आठवर. ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते, हे मला नंतर डॉक्टरबाईंनी चांगलंच सुनावून सांगितलं. वाचणाऱ्याने माझं बघून तसं करू नये. माझं नशीब, फार बिघडलं नाही.

बुधवारी सकाळी दुकान उघडलं, एकटाच होतो. एक मोटार अर्धी राहिली होती. हात रिकामे ठेवले की दुखणं जास्त जाणवतं, म्हणून यंत्रावर बसलो आणि मोजायला लागलो. शर्ट छातीला लागत होता, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि तोंड मोजत होतं. अठ्ठावन्नवर थांबलो. गुंडी सोडून परत मोजली. अठ्ठावन्न. दुसरी बांधली, तीही अठ्ठावन्न. मी तिथेच बसून रडलो. दुखत होतं म्हणून नव्हे. घर सोडून गेलेला माणूस दारात उभा दिसावा तसं झालं होतं.

मग मी तो प्रश्न दुसऱ्या बाजूने धरला. मी कुठे ठेवलं ते आठवत नव्हतं आणि आठवणारही नव्हतं. पण मी कुठे ठेवीन, हा विचार करता येत होता. दोन दिवसांपूर्वी एवढा विचारसुद्धा शेवटपर्यंत डोक्यात टिकला नसता. लिंग मी कुठेही टाकणार नाही. ग्रीस लागलेल्या टेबलावर नाही, पायाच्या उंचीवर नाही, जिथे उष्टा डबा ठेवतो तिथे नाही. या दुकानात स्वच्छ काय आहे? फक्त एक गोष्ट. फळीवरची तांब्याच्या तारेची नवी रिळं, ज्यांच्या तारेवरचं प्लास्टिकसुद्धा अजून फाडलेलं नाही.

फळीवर एकावर एक रिळं होती. वरचं उचललं. खालच्या रिळाच्या पोकळीत माझ्या रुमालात गुंडाळलेली करडगी होती.

मी नळावर डोक्यावरून पाणी घेतलं, ओल्या अंगाने दुकानातच बसलो आणि लिंग डाव्या तळहातावर घेतलं. किती वेळ बसलो ते मोजलं नाही.

आधी शिवलीलाला फोन केला. ती "सापडलं?" म्हणाली आणि मागे भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग मैनोद्दीनला केला.

"सापडलं," मी म्हटलं.

त्याने विचारलं, "कहाँ था?"

"रिळात. नव्या."

"उसके ऊपर दूसरा रीळ मैंच रख्या था," तो म्हणाला. "सोमवार को. अंदर देख्या नै."

"मैनोद्दीन, मी तुला जे इचारलो..."

"हौ," तो म्हणाला. "इचारे तुम." मग म्हणाला, "कल आतौं. वो मोटार को हात मत लगाओ, मैं मोज के लेतौं." मी आधीच मोजलीय हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने येऊन मोजली, वहीत अठ्ठावन्न लिहिलं आणि वही माझ्याकडे वळवली. माफी मी मागितली, त्याने ती लगेच दिली नाही. आठवडाभर तो डबा एकटाच खात होता, आणि तो त्याचा हक्क होता.

दोन आकडे

बिदरला या वेळी शिवलीला बरोबर आली. डॉक्टरबाईंनी आधी मला झापलं. मग विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

मी म्हटलं, "दुखणं दोन नको. सहा चालेल. पण वेढे अठ्ठावन्न पाहिजेत."

डॉक्टरबाईंनी शिवलीलाकडे बघितलं. ती खाली बघत होती. "ह्येंचं खरं हाय," ती शेवटी म्हणाली, "पण मला भ्या वाटतंय." डॉक्टरबाई म्हणाल्या, भीती वाटणारच, आणि तीही हिशेबात धरायची. गोळी हळूहळू उतरवत नेली. आता एकच घेतो, रात्रीची, लहान, म्हणजे झोप लागते. दुपारसाठी लावायचं मलम दिलं. दुसऱ्या कुणाचं गणित दुसरं असेल. ज्याला दोनच हवं असेल त्याने दोन मागावं, त्यात कमीपणा नाही. पण डॉक्टरांना दोन्ही बाजू सांगाव्यात. मी नुसतं दुखणं सांगत होतो, गोळी काय घेऊन जातेय ते सांगतच नव्हतो.

घरी आल्यावर शिवलीलाने तिच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा काढला आणि करडगीला कापडाची पिशवी शिवली, दुहेरी, शिवण बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतून टोचणार नाही. दुपारी मी करडगी उतरवायचो हे तिला कधीपासूनच माहीत होतं, ते तेव्हा कळलं. रोज माझा शर्ट तीच धुते. दुपारच्या घामाने दोऱ्याचा डाग पडायचा, तो पडेनासा झाला होता.

दुखणं गेलेलं नाही. मैनोद्दीन आता परत माझ्यासमोर बसून जेवतो. माझ्या वेढ्यांचा हिशेब मी स्वतः वहीत लिहितो, आणि तो त्यावरून माझी थट्टा करतो. अडकलेला काटाही दुरुस्त केला.

संध्याकाळी जेवायला बसलो की शिवलीला पहिल्यासारखं विचारते, "आज किती?"

"सहा."

तिचा हात क्षणभर थांबतो. पदर आवरून, माझ्या दंडाला लागणार नाही अशी ती वाकते आणि दुसरा आकडा विचारते.

"अन् वेढे?"

"अठ्ठावन्न."

"जेवा मग," ती म्हणते.